पथ्य एकाचे, पारायण गावाचे

'कसे जगावे' हे सांगणाऱ्या पुस्तकाला वाङ्मयाच्या पंगतीत पाट मांडायचा की नाही, याविषयी आपल्या टीकाकारांत फार दिवसांची कुजबूज आहे. कादंबरी आली की तिला पाट, कविता आली की चौरंग. पण एखादे छोटेखानी बोधपुस्तक दाराशी आले की टीकाकार त्याला ओसरीवरच बसवतो, पाणी विचारतो आणि वाटेला लावतो. घरातली माणसे मात्र त्याला मागल्या दाराने आत घेतात, उशाशी ठेवतात, त्यातल्या ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा मारतात आणि पुढल्या महिन्यात मेहुण्याच्या साठीला तेच पुस्तक रंगीत कागदात गुंडाळून देतात. ज्या पुस्तकाने माणूस सकाळी पाचला उठू लागतो किंवा निदान घड्याळाचा गजर तरी लावू लागतो, त्या पुस्तकाविषयी टीकाकाराने गप्प राहावे, हे मला काही योग्य वाटत नाही.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो आणि तिथल्या वाचनालयाच्या कारभारात थोडी लुडबूड करतो. पुस्तकांपेक्षा पुस्तकांच्या वाचकांकडे पाहण्याची मला जुनी खोड आहे. कोणते पुस्तक किती दिवस घरी राहते, कोणत्या पानावर हळदीचा डाग पडतो, कुठे रेघ असते आणि कुठली पाने कोरीच्या कोरी परत येतात, यावरून त्या पुस्तकाची जी समीक्षा होते ती कोणत्याही मासिकात छापली जात नाही. ती थोडीशी येथे मांडावी, असा माझा विचार आहे.

मराठी भाषेला बोधाचे वावडे कधीच नव्हते. दासबोधाच्या वीस दशकांत आणि दोनशे समासांत परमार्थ तर आहेच, पण अक्षर कसे काढावे, लेखन कसे नीटनेटके ठेवावे हेही आहे. समर्थांना त्यात कमीपणा वाटला नाही. पण दासबोधाच्या वाचनात एक गंमत नेहमी घडते. मूर्खलक्षणांचा समास घरात मोठ्याने वाचला, की ऐकणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी दुसराच आठवतो. सासऱ्यांना जावई आठवतो, जावयाला कचेरीतला साहेब आठवतो आणि साहेबाला सगळी कचेरी आठवते. स्वतःची आठवण येणारा श्रोता विरळा. यात समर्थांचा दोष नाही. वरच्या पायरीवरून जो बोध येतो, तो आपल्या डोक्यावरून पलीकडच्या माणसाकडे जातो, असा ऐकणाऱ्याचा स्वभावच आहे.

ही अडचण ज्या पुस्तकाने अगदी साध्या युक्तीने सोडवली, ते आमच्याच बाजूच्या जंगलातून आले. डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक राजहंस प्रकाशनाने २००० साली काढले आणि त्याच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघत गेल्या. लेखकाची ओळख महाराष्ट्राला करून द्यावी लागू नये. वर्ध्या-सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेल्या या डॉक्टरांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. त्यापूर्वी चारच वर्षांमागे, १९८२ च्या ऑगस्टात, गडचिरोली हा चंद्रपुरापासून तुटून वेगळा जिल्हा झाला होता. अशा ठिकाणी राहून लोकांची सेवा करणाऱ्या डॉक्टराला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गाठले. मग तो स्वतःलाच रोगी म्हणून तपासायला बसला. माझ्यात काय चुकले? माझे खाणे, माझी घाई, माझा राग, माझा ताण, माझी माणसे, माझा देव. या सगळ्याची उलटतपासणी म्हणजे हे पुस्तक.

युक्ती आहे ती एवढीच. येथे मूर्खलक्षणे लेखकाने प्रथम स्वतःच्या नावावर मांडली आहेत. त्यामुळे वाचकाला शेजारी आठवण्याची सोयच राहिली नाही. दुसऱ्याला हसण्याची जागा लेखकाने आधीच अडवून ठेवली, म्हणून वाचक निमूटपणे आपल्या छातीवर हात ठेवतो. डॉक्टराने रोग्याला सांगितलेले आपण ऐकून सोडून देतो. रोग्याने रोग्याला सांगितलेले मात्र आपण कान देऊन ऐकतो, कारण त्यात एक भीती सामाईक असते. आणि येथे रोगी स्वतःच डॉक्टर असल्यामुळे ती भीती अज्ञानाचीही नाही. सगळे ठाऊक असलेला माणूससुद्धा घसरतो, हे वाचून वाचकाला धक्का बसतो आणि मग दिलासाही मिळतो. पुस्तकाच्या यशाचे मर्म त्यातल्या माहितीत शोधू नये. अशी माहिती इतरत्रही मिळते. मर्म त्यातल्या 'मी'त आहे.

आता वाचकांकडे वळू. आमच्या वाचनालयातली प्रत इतक्या हातांतून गेली की तिची बांधणी दोनदा करावी लागली. तिच्या पानांवर ज्या रेघा आहेत त्या कोणत्याही प्रबंधाहून बोलक्या आहेत. तेल किती, तूप किती, चालायचे किती, असा जिथे जिथे हिशेब आहे तिथे रेघांची झुंबड आहे. निळी शाई, तांबडी शाई, पेन्सिल, एके ठिकाणी तर काजळासारखे काहीतरी. पण जिथे लेखक मृत्यूच्या भयाविषयी, रागाविषयी, आपल्या माणसांना दिलेल्या आणि न दिलेल्या वेळाविषयी बोलतो, तिथली पाने पुष्कळशी स्वच्छ. एका जागी मात्र समासात बारीक बायकी अक्षरात एकच शब्द लिहिलेला आहे : 'खरंय'. ती बाई कोण, ते मी वहीत पाहिले नाही. पाहू नये असे वाटले.

या पुस्तकाच्या वाचकांचे माझ्या हिशेबी चार प्रकार होतात. पहिला भ्यालेल्यांचा. नुकताच कोणालातरी झटका आलेला असतो, आपल्या वयाचाच असतो, आणि हा वाचक आठ दिवसांत पुस्तक संपवून पंधरा दिवस आदर्श आयुष्य जगतो. दुसरा प्रकार हिशेबी वाचकांचा. यांना पुस्तकातला साक्षात्कार नको असतो, तक्ता हवा असतो. तिसरा प्रकार संशयात्म्यांचा. ते म्हणतात, "डॉक्टरसाहेब जंगलात राहतात. तिथे हवा आहे, झाडे आहेत, पहाट आहे. आम्ही चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणीत पाळीवर जातो, बल्लारपूरच्या कागद कारखान्यात रात्रपाळी करतो, उन्हाळ्यात पारा सत्तेचाळिसावर चढतो. आम्ही फिरायला जायचे केव्हा आणि शवासन करायचे कुठे?" हा आक्षेप मी थट्टेवारी नेणार नाही. बोधपुस्तक नेहमी असे गृहीत धरते की वाचकाचा दिवस वाचकाच्या मालकीचा आहे. ज्याचा दिवस भोंग्याच्या मालकीचा आहे, त्याला 'घाई करू नका' हा उपदेश म्हणजे भरल्या पोटी दिलेला उपासाचा सल्ला वाटतो. मात्र संशयात्म्यांना एवढे उत्तर देता येते की जंगल, झाडे आणि पहाट असूनही डॉक्टरांचे हृदय बिघडलेच होते. घाई माणूस गाठोड्यात बांधून बरोबर नेतो, हेच तर त्या पुस्तकाचे सांगणे आहे.

चौथ्या प्रकारच्या वाचकाने मला अंतर्मुख केले. सिंदेवाहीच्या बाजूने येणारा एक वयस्क शेतकरी आमच्या वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला बसे. एकदा कोणीतरी या पुस्तकातला चालण्याविषयीचा मजकूर मोठ्याने वाचत होता. तो सगळे ऐकून घेऊन म्हणाला, "काहून जी गुरुजी, चालणं हा इलाज होय म्हणता? मंग आमी तं जलमभर इलाजच करून रायलो!" सगळे हसले, तोही हसला. पण त्या हसण्यात पुस्तकाच्या मर्यादेवर नेमके बोट ठेवलेले होते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात मोहफुले वेचायला जाणारी बाई, मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात रात्र सरण्यापूर्वी जंगल गाठणारे कुटुंब, पावसाळ्यात कंबर वाकवून धानाची रोवणी करणाऱ्या बायका, यांना व्यायाम या शब्दाचा अर्थ कसा समजावून सांगायचा? त्यांच्या चालण्याला आपण मजुरी म्हणतो. आपले चालणे आरोग्य होते आणि त्यांचे चालणे दमणूक ठरते, हा फरक कोणत्याही वैद्यकाच्या पुस्तकात सापडत नाही.

लेखकाला हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. उलट त्याचे सगळे आयुष्य त्याच माणसांच्या दुखण्यांत गेले आहे. १९९० साली बंग दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालकांच्या न्यूमोनियावरचे आपले काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. १९९९ साली तिथेच नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचे काम प्रसिद्ध झाले. गावातल्याच शिकवलेल्या बायकांनी घरी जाऊन केलेल्या देखभालीमुळे ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटले, हा त्याचा निष्कर्ष. या कामाचे देशात आणि परदेशात अनुकरण झाले. पण वाचकाची गंमत पाहा. गडचिरोलीच्या बाळांवरचे संशोधन जगाने वाचले आणि गडचिरोलीच्या डॉक्टरांच्या हृदयावरचे पुस्तक महाराष्ट्राने वाचले. दोन्ही एकाच हातची. मध्यमवर्गीय वाचकाने त्यातले आपल्या छातीपुरते उचलले आणि बाकीचे आदराने नमस्कार करून बाजूला ठेवले.

याच ओघात घरातल्या बाईविषयी बोलले पाहिजे, कारण पथ्याच्या पुस्तकाची खरी अंमलबजावणी तिच्याकडे असते. पुस्तक नवरा वाचतो, साक्षात्कार त्याला होतो आणि दुसऱ्या दिवसापासून दोन भाज्या शिजतात, एक त्याच्यासाठी बिनतेलाची आणि एक पोरांसाठी. पथ्य एकाचे, राबणूक दुसरीची! या पुस्तकाविषयी मी बायकांच्या तोंडून जे ऐकले त्यात कौतुक होते, कृतज्ञता होती, पण एक बारीक अढीही होती. एका शिक्षिकेने मला विचारले, "यांच्या हृदयाला पुस्तक मिळालं. माझ्या कंबरेला कोणतं पुस्तक आहे?"

उत्तर देण्यासारखे होते, म्हणून सांगतो. १९८९ साली डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून आपला अभ्यास त्याच 'लॅन्सेट'मध्ये मांडला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते आणि त्यांच्यातल्या फार थोड्या जणींची पूर्वी कधी तपासणी झालेली होती. पुढे त्यांनी स्त्रियांच्या आरोग्याविषयी 'कानोसा' लिहिले. येथल्या बायकांचे झाडांशी असलेले नाते सांगणारे 'गोईण' लिहिले. गोईण म्हणजे आमच्या भागात मैत्रीण. ही पुस्तके चांगली आहेत, वाचली जातात. पण मेहुणीच्या साठीला कोणी 'कानोसा' रंगीत कागदात गुंडाळून दिल्याचे मी अजून पाहिलेले नाही. पुरुषाचे हृदय हा घराचा विषय होतो, बाईचे दुखणे तिचा खाजगी विषय राहतो. ही टीका पुस्तकावर नाही, भेट देणाऱ्यांवर आहे. या दिवाळीला भाऊबिजेची ओवाळणी ठरवताना ती ध्यानात राहिली तर बरे.

आता जी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते तिच्याकडे येतो. आमच्या वाचनालयात एक निवृत्त कारकून येत. स्वभावाने तापट, रक्तदाबाची गोळी चालू. त्यांनी हे पुस्तक दोनदा वाचले, पहाटे ध्यान सुरू केले आणि खरोखरच शांत झाले. घरचे म्हणू लागले की पुस्तकाने चमत्कार केला. पण मन शांत झाले म्हणजे रक्तदाबही शांत झाला, असे त्यांनी स्वतःच ठरवले आणि कोणाला न सांगता गोळी सोडली. पुढल्या वर्षी त्यांचा उजवा हात आणि वाचा गेली. ते अजून येतात, डाव्या हाताने पाने उलटतात. पुस्तकाचा यात दोष नाही. एका डॉक्टराने लिहिलेले ते पुस्तक औषधोपचाराला पाठ दाखवा असे सांगत नाही. पण वाचक पुस्तक पुरते वाचत नाही, आपल्याला हवे तेवढे वाचतो. रेघा मारणे म्हणजे निवड करणे, आणि पथ्याच्या पुस्तकातली निवड जिवावर बेतू शकते. कवितेतली एखादी ओळ चुकीची समजली तर फार तर रसभंग होतो. अशा पुस्तकांबद्दल टीकाकाराने बोलले पाहिजे असे मी म्हणतो ते याचसाठी. कोणते वाक्य कोणत्या वाक्यावाचून वाचू नये, हे सांगणे हेही समीक्षेचेच काम आहे.

या कारकुनांना जे झाले ते एकट्याचे नव्हते, हे मला मागाहून एका अभ्यासावरून कळले. 'सर्च'च्याच डॉक्टरांनी गडचिरोलीतल्या ८६ खेड्यांतले मृत्यू तपासले आणि निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केला. मलेरिया, क्षय, बाळंतपण यांच्या या मुलखात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण काय निघावे? पक्षाघात! तपासलेल्या १५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताचे, म्हणजे दर सातांतला एक. रक्तवाहिन्यांचा रोग हा शहरातल्या खुर्चीवरच्या माणसाचा रोग, ही आपली समजूत या आकड्याने मोडून पडली. सिंदेवाहीचा तो शेतकरी जन्मभर चालला, तरी रोगाने त्याचे गाव सोडलेले नाही. २००० साली जे पुस्तक सुखवस्तू वाचकाचे वाटले होते, त्याचा विषय आता धानाच्या बांधावर येऊन उभा राहिला आहे.

पण बांधावरच्या वाचकाला तेच पुस्तक तसेच्या तसे पुरणार नाही. त्याचा शत्रू निराळा आहे. येथे रक्तदाब कोणी मोजत नाही, तो दुखत नाही म्हणून. आणि येथे खर्रा आहे. इतर भागांतल्या वाचकांसाठी सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला हा पदार्थ आमच्याकडे पाहुण्याला पाण्यानंतर विचारला जातो. चावडीवर, पानठेल्यावर, झाडीपट्टीतल्या नाटकाच्या मंडपात रात्रभर, रोवणीच्या बांधावर, सगळीकडे तो हातातून हातात फिरतो. एकट्याने मनाशी निश्चय करून तेल कमी करता येते, पण खर्रा एकट्याने सोडणे म्हणजे माणसांत बसणे सोडणे. जी सवय गावाने लावली ती सोडवायलाही गावच लागते. येथे 'मी'चे पुस्तक थबकते आणि 'आपण'चे पुस्तक शोधावे लागते.

ते पुस्तक आमच्याकडे पूर्वीपासून आहे. तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' १९५५ साली प्रसिद्ध झाली. महाराज जन्माने अमरावतीकडचे, पण त्यांचे पूर्ववय चिमूरच्या बाजूच्या जंगलांत गेले. १९४२ च्या ऑगस्टात चिमूरला जे घडले, त्यानंतर त्यांना अटक झाली ती चंद्रपूरला. त्यामुळे आमच्या जिल्ह्यात त्यांचे नाव पाहुण्याचे नाही. ग्रामगीता काही छोटेखानी नव्हे. ४१ अध्याय आणि ४६७५ ओव्या आहेत. पण तिची जात तीच, जगण्याच्या साध्या सोयीची. ग्रामआरोग्य, श्रमसंपत्ती, महिलोन्नती, वैवाहिक जीवन, अंत्यसंस्कार अशी अध्यायांची नावे वाचली तरी ध्यानात येते की हा ग्रंथ मोक्षाकडे जाताना गटारावरून उडी मारून जात नाही, गटार साफ करून जातो. शेवटी ग्रंथाचे अध्ययन कसे करावे यासाठीही एक अध्याय राखून ठेवला आहे. आपला वाचक आपल्याला कसा वाचील याची काळजी वाहणारे ग्रंथकार आपल्याकडे थोडे.

तिचा वाचक बहुधा ऐकणारा असतो. सायंकाळी सामुदायिक प्रार्थना होते, खंजिरी वाजते, एक जण ओवी म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या अड्याळ टेकडीसारख्या ठिकाणी या ग्रंथाला प्रमाण मानून माणसांनी आयुष्ये वेचली. मात्र येथेही टीकाकाराला आपले काम करावेच लागते. ग्रामगीतेचा 'आपण' इतका ठाम आहे की त्यात श्रोत्याला स्वतःपुरती शंका काढायला जागा राहत नाही. अवघे गाव एकदम मान डोलावते, म्हणजे कोणीच एकटा मान डोलावत नाही. पारायण संपते, आरती होते, प्रसाद वाटला जातो, आणि मंडपाबाहेर आल्यावर पहिला खर्रा घोटला जातो. हेही मी पाहिले आहे. पारायणाने ऐकल्याचे समाधान मिळते, आणि या समाधानाचा धोका असा की ते केल्याच्या समाधानाची जागा घेते.

म्हणजे दोन्ही पुस्तकांच्या वाचकांचे दोष एकमेकांच्या उलट आहेत. डॉक्टरांच्या पुस्तकाचा वाचक स्वतःला सापडतो, पण शेजाऱ्याला विसरतो. महाराजांच्या ग्रंथाचा श्रोता गावात सापडतो, पण स्वतःला विसरतो. एकाला पथ्य आहे, पंगत नाही. दुसऱ्याला पंगत आहे, पथ्य नाही. माझ्या मते या दोन पुस्तकांची तुलना करून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्यात काही हशील नाही. ती एकाच कपाटात शेजारी शेजारी ठेवावीत, एवढाच माझा निवाडा आहे. वाचनालयात मी तसे करून पाहिले. एकाला आरोग्याचा क्रमांक होता, दुसऱ्याला धर्माचा. आमच्या ग्रंथपालबाईंनी नाक मुरडले, पण पुस्तके हलवली नाहीत.

'मी' आणि 'आपण' यांना जोडणारे वाचन कसे असते, याचा एक नमुना आमच्याच मुलखात आहे. गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याच्या वाटेवर मेंढा-लेखा हे गोंडांचे छोटे गाव आहे. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा केली ती सगळ्या देशाला ठाऊक झाली. २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण मला त्या गावाची थोरवी वाटते ती त्यांच्या अभ्यासगटामुळे. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या सोबत्यांबरोबर ही माणसे एखादा विषय घेऊन बसत. कायदा असो, जंगल असो, दारू असो, प्रत्येकाने आपली शंका बोलून दाखवायची आणि मग निर्णय ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने व्हायचा. तिथे मान डोलावून भागत नाही, कारण एकाचाही नकार उरला तर निर्णय थांबतो. म्हणजे प्रत्येकाला एकट्याने पटले पाहिजे आणि सर्वांना मिळून पटले पाहिजे. बोधपुस्तकाचे वाचन याहून चांगले कसे होईल, ते मला सुचत नाही.

गावाच्या निर्धाराने सवयी बदलतात का, असे विचारणाऱ्यांना आमच्या दोन जिल्ह्यांचा इतिहास साक्ष देईल, अनुकूल आणि प्रतिकूल अशी दोन्ही. लोकांच्या चळवळीतून गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' या नावाने दारू आणि तंबाखू या दोहोंविरुद्ध गावोगावी काम सुरू झाले. सरकारी हुकूम येतो आणि जातो. गावाने मनापासून घेतलेला निर्णय मात्र सहजी उठत नाही, आणि असा निर्णय घेण्यापूर्वी गावाला काहीतरी मिळून वाचावे लागते.

हे सगळे फराळाच्या ताटाशेजारी बसून सांगणे जरा अरसिकपणाचेच झाले. चकली तळणीतून निघते आहे आणि हा गृहस्थ रक्तवाहिन्यांच्या गोष्टी सांगतो आहे, असे म्हणून वाचक अंक मिटणार नाहीत अशी आशा करतो. चकली अवश्य खावी. एक खावी आणि दुसरी शेजाऱ्याकडे पाठवावी. मात्र चार दिवस घर भरलेले असते, मुले-सुना-जावई-नातवंडे एकत्र असतात, तेव्हा दुपारच्या निवांत वेळी या दोहोंपैकी कोणत्याही पुस्तकातली चार पाने मोठ्याने वाचून पाहावीत. वाचणाऱ्याने ज्या ओळीवर रेघ मारावीशी वाटेल ती न मारता पुस्तक पुढच्याच्या हाती द्यावे आणि रेघ कुठे मारायची ते त्याला विचारावे. घरातल्या बाईला शेवटी विचारू नये, आधी विचारावे. आणि आजोबांची रक्तदाबाची गोळी झाली का, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे.